गोधडी कमरेपर्यंत

सव्वा महिना पुरा झाला आणि माधवीची थंडी संपली. निदान तिच्या सासूबाईंनी, जयवंताबाईंनी, तसं ठरवलं. जानेवारी अर्धा सरला होता. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या, म्हणजे गावाच्या, डोक्यावरचा डोंगर सकाळी चांगला उशीर होईपर्यंत उन्हाला खाली उतरू देत नव्हता आणि गोठ्यातल्या म्हशी एकमेकींना चिकटून उभ्या राहत होत्या. पण बाळंतपणाचे कायदे हवामान बघून केलेले नाहीत. सव्वा महिना बाई बाळंतीण असते. तिच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, खाटेखाली शेगडी, सांजसकाळ ओव्याची धुरी. सव्वा महिन्यानंतर ती सून असते, आणि सुनेला थंडी वाजल्याचं कोंडाण्यात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

माधवी दहिवलीची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. बारशाला तिचं नाव निशिगंधा ठेवलं. ते तिचा बाप मनोज यानं मोबाइलवरून शोधून काढलं होतं. जयवंताबाईंनी ते नाव एकदा पुरतं उच्चारून बघितलं, दम घेतला आणि ठकी म्हणायला सुरुवात केली.

मायलेकी रिक्षातून कोंडाण्याला आल्या तेव्हा बरोबर एक बोचकं होतं. बोचक्यात ठकीचे स्वेटर होते. बाळ बघायला जो येई तो बाळाला काहीतरी गरम आणी. मावशांनी आणले, आत्यांनी आणले, मनोजच्या मित्रांनी मिळून एक आणला, त्यावर अस्वल होतं. एकेक दिवस एकेक घातला असता तरी होळीपर्यंत पुरले असते, आणि तोवर ठकी त्यांतल्या निम्म्यांत मावली नसती. आईसाठी कुणी काही आणलं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. आईसाठी ब्लाउजपीस आले होते.

आता दवाखान्यातल्या सिस्टरनी काय सांगितलं होतं, ते सांगायला हवं. कारण पुढचा सगळा तंटा त्यातून निघाला. घरी सोडताना त्या माधवीच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, पोरीला जवळ घेऊनच तू झोपणार, नको म्हटलं तरी झोपणार. मग नीट झोप. बाळ उताणं. जवळपास उशी नाही. बाळ तुझ्या बाजूला, दोघांच्या मध्ये कधी नाही. बिडी-दारूवाला माणूस त्या अंथरुणात नको. बंद खोलीत शेगडी नको. आणि गोधडी तुझ्या कमरेपर्यंत, वर ओढायची नाही, बाळाच्या तोंडावर येते. ऊब बघायची तर बाळाच्या मानेला नाहीतर पोटाला हात लाव. हात-पाय गार असतातच." एवढं सांगून उठता उठता त्या म्हणाल्या, "वरच्या अंगाला तू काहीतरी गरम घाल, पुढून उघडणारं."

माधवीनं सगळं पाठ केलं. अडचण फक्त शेवटच्या वाक्याची होती.

कोंडाण्याच्या घरात पहिल्या संध्याकाळी जयवंताबाईंनी अंथरूण घातलं. त्यांची गोधडी सगळ्या आळीत प्रसिद्ध. आत सासूची लुगडी, आजेसासूची लुगडी, एक मांडव-परतणीचं पातळ आणि कुणाचं तरी धोतर. त्या गोधडीखाली झोपलेल्या माणसाला कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे.

"ठकी हितं निजंल," जयवंताबाई म्हणाल्या. "माज्यात नि ह्यांच्यात. मदी. दोनी बाजूंनी ऊब."

'हे' म्हणजे पोपटराव, माधवीचे सासरे. ते दारात बसून बिडी ओढत होते. बाजारच्या दिवशी ते थोडी घेतही, पण थंडी असेल तरच. त्यामुळे उन्हाळा त्यांना जड जाई.

"आई, ती माज्याजवळ निजंल," माधवी म्हणाली. "सिस्टरनी सांगितलंय, मदी नाय घ्यायचं."

"मनोज मदीच निजायचा. काय झालं त्याला?"

सगळ्यांनी मनोजकडं बघितलं. मनोजनं जमिनीकडं बघितलं.

"आनि शेगडी?" जयवंताबाई म्हणाल्या. "शेगडी तरी ठेवशील का सिस्टरला इचारून येऊ?"

"शेगडी नको. धूर होतो."

"धूर झाला तं डोळं चुरचुरतील. थंडी झाली तं पोर जाईल. काय पायजे तुला?"

या टप्प्यावर पोपटरावांनी बिडी विझवली. ते एके काळी गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. त्या काळात गावात तंटे फार कमी झाले. पोपटरावांचं ऐकत बसण्यापेक्षा लोक ते आपापसांत मिटवून टाकत. घरात मात्र पळायला जागा नव्हती. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, त्या दोन्ही बरोबर असल्याचं सांगितलं, मग असा निवाडा दिला की ठकीनं आईपाशी झोपावं, शेगडीविना झोपावं. पण सर्दी घरात आली की त्याच दिवशी तिनं आजीच्या गोधडीत जावं.

"सर्दी कुनाला?" जयवंताबाईंनी विचारलं. त्या पक्क्या होत्या.

"कुनालाबी. आईला झाली तं पोरीला व्हनारच."

अशा रीतीनं माधवीला लेक मिळाली आणि शिंकायची बंदी झाली.

आता तिचं झोपणं कसं होतं ते बघा. जमिनीवर पातळ गादी. कडेला ठकी, उताणी, दोन्ही मुठी कानांपाशी. तिच्याकडं तोंड करून माधवी कुशीवर, गुडघे वर घेतलेले, एक हात ठकीच्या डोक्याच्या वरून नेलेला; म्हणजे झोपेत पुढं सरकली तरी पोरीवर जाणार नाही. गोधडी कमरेपर्यंत. कमरेच्या वर ब्लाउज, त्यावर मनोजचा शर्ट, आणि शर्टाची बटणं पाजण्यासाठी उघडी. डोंगरावरून उतरणारा वारा कौलांतून आत येई आणि सगळ्या घरात त्याला बसायला एकच जागा सापडे. माधवीचा खांदा. गोधडी हाताशी असे. चार बोटं वर ओढली की झालं. ती ओढत नसे.

मनोज घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात झोपे. नवरा म्हणून तो वाईट नव्हता. फक्त त्याला काय करायचं ते सांगावं लागे. माधवीनं त्याला सांगितलं, "पुढून उघडनारा स्वेटर आना. बायकांचा."

तो कर्जतच्या बाजारात गेला. बाजारात स्वेटर भरपूर होते. शाळेचे होते, पुरुषांचे होते, बाळांचे तर ढीग होते. बायकांचा, पुढून उघडणारा, हे ऐकून दुकानदार विचारात पडला. "बायका शाल घेतात," तो म्हणाला. शेवटी मनोजनं शाळेचा मोठ्यातला मोठा, मरून रंगाचा स्वेटर आणला. तो डोक्यातून घालायचा होता. पाजायचं तर खालून वर करावा लागे, मग खांदा गरम आणि पोट उघडं. शालीचंही करून बघितलं. शाल झोपेत सुटून बाळावर येते. मग त्यानं आपलं मोटारसायकलवरचं जाकीट दिलं. त्याची चेन ठकीच्या गालाला गार लागे आणि माधवीनं श्वास घेतला तरी ते इतकं करकरे की दोन खोल्यांपलीकडून पोपटराव विचारत, "कोन पापड भाजतंय गं?"

मनोज कर्जतच्या वाटेवरच्या एका बंगल्याची राखण करी. मालक मुंबईचे, शनिवारी येत, तेही जमलं तर. बंगल्यात सहा पलंग होते आणि प्रत्येक पलंगावर जाड रजई. मनोजचं हिवाळ्यातलं काम असं, की त्या सगळ्या रजया उन्हात घालायच्या, गरम झाल्या की आत नेऊन घडी करून ठेवायच्या. एक हीटरही होता. आठवड्यातून एकदा तो लावून बघायचा असे, बिघडला तर नाही ना म्हणून. रिकामी खोली छान गरम होई. मग मनोज तो बंद करी.

त्या शनिवारी बंगल्याच्या मॅडमनी विचारलं, "बाळ कसं आहे रे?"

"बाळ बरं हाय मॅडम," मनोज म्हणाला. "बाळाच्या आईला थंडी वाजते."

मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग आत गेल्या आणि एक राखाडी स्वेटर घेऊन आल्या. पुढून उघडणारा, मोठ्या बटणांचा, मऊ. "खऱ्या लोकरीचा आहे हं," त्या म्हणाल्या. "जपून वापरायला सांग."

जपून वापरायचा म्हणजे मळवायचा नाही, एवढं मनोजला कळलं. त्यानं तो शर्टाच्या आत छातीशी धरून घरी आणला.

माधवीनं तो घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली, मधली दोन उघडी ठेवली आणि ठकीपाशी आडवी झाली. खांदा हा अवयव आजवर तिला फक्त दुखून ठाऊक होता. त्याला ऊबही लागते हे नवीन होतं. गोधडी कमरेपर्यंत होती आणि वर ओढावीशी वाटत नव्हती. ठकी पिता पिता झोपली. तिची मान कोमट, पोट कोमट. सकाळी माधवी उठली तेव्हा जयवंताबाई चुलीपुढं होत्या. सुनेनं त्यांच्या हातातला चहा स्वतःहून घेतला, आणि हसली. जयवंताबाईंना जरा संशय आला.

"कुनाचा हाय त्यो?"

"बंगल्यावरच्या बाईंचा. त्यांनी दिला."

"त्यांनी घातल्याला?"

"असंल."

जयवंताबाईंनी स्वेटरची बाही दोन बोटांत चोळून बघितली. त्या बोलणाऱ्या नव्हत्याच, करणाऱ्या होत्या. दोन-तीन दिवसांनी माधवी पाण्याला गेली तेव्हा त्यांनी अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. त्यात ठकीचे लंगोट टाकले, कडुनिंबाचा पाला टाकला, आणि परक्या बाईच्या अंगचा कपडा, ज्याला आपली नात तोंड लावते, तोही टाकला. पाणी खळखळ उकळू दिलं. लाकडानं चांगलं घुसळलं. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वेटर आले ते बाजारातले, नायलॉनचे; ते उकळले, आपटले, म्हशीनं चघळले तरी होते तसे राहिले. खरी लोकर त्या घरानं फक्त मेंढीच्या अंगावर बघितली होती, आणि मेंढीला कुणी उकळत नाही.

माधवी परतली तेव्हा जयवंताबाई दोरीपाशी उभ्या होत्या. हातात एक राखाडी वस्तू होती, हातभर लांब, घोड्याच्या खोगिरासारखी घट्ट.

"आटला गं," त्या म्हणाल्या.

माधवीनं हंडा खाली ठेवला.

"असा कसा आटला? माल बरा नसंल." जयवंताबाईंनी तो ताणून बघितला. तो ताणला गेला नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आगं, ठकीला व्हईल की!"

ठकीला तो झाला. बरोबर झाला. त्यात तिचे दोन्ही हात बाजूला ताठ उभे राहिले आणि ती दहा मिनिटं बुजगावण्यासारखी सगळ्यांकडं बघत होती. असा ठकीचा आणखी एक स्वेटर झाला.

माधवीनं हंडा उचलून आत नेला. बोलण्यासारखं एवढंच होतं की तो उकळायचा नव्हता. आणि तो उकळायचा नसतो हे तिला तरी कुठं माहीत होतं?

मॅडमकडं पुन्हा मागायला मनोजला लाज वाटली. माधवी परत शर्टात झोपू लागली. तिसऱ्या सकाळी तिच्या नाकाच्या शेंड्यात काहीतरी वळवळलं. तिनं नाक चिमटीत धरलं, घरातून चालत बाहेर पडली, गोठा ओलांडला, पेंढ्याच्या उडवीमागं गेली आणि तिथं शिंकली. म्हैस दचकली.

कुंपणापलीकडून शेजारच्या गौराबाईंनी मान वर काढली. "कोन गं शिंकलं?"

"म्हैस," माधवी म्हणाली.

"बाळंतपनाची म्हैस दिसतीय," गौराबाई म्हणाल्या. "आल्याचा काढा दे गं तिला. गूळ घालून."

पण गौराबाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही सासू होऊन गेली होती. तेव्हापासून उडवीमागं जाणं हे माधवीचं रोजचं काम झालं. दळण, पाणी, भांडी, शिंकणं. घरात तिचं नाक कोरडं असे. जयवंताबाई रोज सकाळी तिच्या तोंडाकडं न्याहाळून बघत आणि काही सापडलं नाही की पोळपाट आपटत.

आणि मग एका सकाळी ऊन डोंगर ओलांडून अंगणात आलं. पोपटराव घोंगडी अंथरून बसले होते. ठकी त्यांच्या मांडीवर होती, अस्वलाच्या स्वेटरात. तिनं उन्हाकडं बघितलं, नाक आक्रसलं आणि शिंकली. छान, भरपूर शिंकली. शिंकून झाल्यावर तिला ते आवडलं असावं, कारण ती पुन्हा शिंकली.

चुलीपुढचा चिमटा खाली पडल्याचा आवाज आला.

"आईकलं का?" जयवंताबाई दारात होत्या.

"आईकलं," पोपटराव म्हणाले.

माधवी कपडे धुता धुता धावत आली. "बाळं शिंकतात, आई. सर्दी नाय ती. नाक साफ करायची त्यांची रीतच हाय. सिस्टर म्हनल्या व्हत्या."

"सिस्टरला किती पोरं हायेत?"

माधवीनं ओले हात पदराला पुसले.

"सांग की."

"लगीन नाय झालं त्यांचं."

खटला तिथंच संपला होता, पण पोपटरावांना पद्धत सोडायची नव्हती. त्यांनी पुरावा मागितला. जयवंताबाईंनी ठकीचा हात पुढं केला. तो गार होता. माधवी म्हणाली, हात बघू नका, पोट बघा. पोपटरावांनी स्वेटरातून आपला पंजा आत घातला. पन्नास वर्षं नांगर धरलेल्या त्या हाताला गार-गरम कळेनासं होऊन बराच काळ झाला होता. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "काय समजत नाय." त्यामुळे हाताचा पुरावा तेवढा राहिला.

निवाडा ठरल्याप्रमाणे. होळीपर्यंत ठकी आजीच्या गोधडीत. पाजायला आईला हाक मारायची.

"शेगडी नको, बाबा," माधवी म्हणाली. "तेवढं तरी ऐका."

पोपटरावांना बिडीचा खोकला होता आणि धुरानं तो वाढे. त्यांनी मोठ्या मनानं शेगडी पडवीत ठेवायचा हुकूम दिला. सिस्टरचं एक म्हणणं असं त्या घरात मान्य झालं.

संध्याकाळी जयवंताबाई अंथरूण घालत होत्या. माधवी ठकीला घेऊन उभी होती. देत नव्हती.

"आई, कडंला निजवा तिला. मदी नको."

"कडंला गारठा लागतो."

"मग गोधडी तिच्या तोंडावर येऊ देऊ नका. छातीच्या खाली ऱ्हाऊ द्या. जड हाय ती."

"मला शिकवती तू?" जयवंताबाई म्हणाल्या, पण भांडायच्या आवाजात नाही. त्या गोधडीवर हात फिरवत बसल्या. "मनोजच्या आदी एक व्हती मला. पोरगीच. ह्याच दिसांत. रातच्याला चांगली पिऊन निजली. सकाळी उठून बघते तं गार. निसती दगड. थंडीनं नेली." त्यांनी एक टोक उलटून टाके दाखवले. "तवा म्या गोधडीला आनि दोन लुगडी लावली. मंग मनोज वाचला."

माधवीनं विचारलं, "ती कुठं निजायची?"

"कुठं म्हंजी? हितंच. आमच्या मदी."

माधवीला सगळं एकदम दिसलं. सिस्टरनी जे जे सांगितलं होतं ते त्या चार शब्दांत होतं, आणि ते सासूच्याच तोंडून आलं होतं. आता फक्त बोट ठेवून दाखवायचं होतं. तिनं तोंड उघडलं. जयवंताबाई तिच्याकडं बघत होत्या. इतकी वर्षं थंडीला शिव्या देऊन देऊन त्यांनी जी झोप मिळवली होती, ती त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती.

"आई, ती गोधडी…"

"काय गोधडी?"

"काय नाय."

जयवंताबाईंनी हात पुढं केले. माधवीनं लेक दिली. "जा," त्या मायेनं म्हणाल्या, "निज जा आता गळ्यापतूर पांघरून घेऊन. लई हाल केलेस जिवाचं."

माधवी आपल्या खोलीत आली आणि या घरात पहिल्यांदाच मोकळेपणी शिंकली. कुणी वळूनही बघितलं नाही. मनोज कर्जतहून येताना तिच्यासाठी सर्दीच्या गोळ्या घेऊन आला होता. दुकानदार म्हणाला होता, झोप छान लागते. तिनं गोळ्या तशाच कौलाच्या वाशाला खोचून ठेवल्या.

"घेत का नाय गं?" मनोजनं विचारलं.

"झोप लागंल."

"मग चांगलंच की."

तेव्हापासून त्या घरात एक कामाची वाटणी आहे. जयवंताबाई झोपेत गोधडी ठकीच्या डोक्यावरून वर ओढतात. अगदी गाढ झोपेत, नातीवरच्या मायेनं. माधवी थांबते, अंधारात चाचपडत येते, आणि ती खाली सरकवते. मग उंबऱ्यापाशी बसते, पाय पोटाशी घेऊन. थोड्या वेळानं गोधडी पुन्हा वर जाते. दिवसा जयवंताबाई शेजारणींना सांगतात की पोरगी आपल्यात आल्यापासून कशी गरम राहते, आणि सुनेला मात्र हल्ली काय झालंय कोण जाणे, भाकरी थापता थापता डुलक्या घेते. परवा तवा हातावर घेतला.

होळीला अजून वेळ आहे. जयवंताबाईंची झोप पहिल्यापासून चांगली.

माधवीचीही होती.